छप्पन्न हजारांचे दोन शाफ्ट की साडेसहा हजारांचा एक जॉइंट? एका अबार्थ पुंटोचं प्रकरण

फेब्रुवारीत मावसभावाचा फोन आला. "दादा, गॅरेजवाला म्हणतोय दोन्ही ड्राईव्ह शाफ्ट गेलेत, मिळून छप्पन्न हजार, ते पण बाहेरून मागवावे लागतील म्हणे, करून टाकू का?" करून टाकू का म्हणजे काय ते आपल्याला माहितीये, मनात ठरलेलं असतं, कोणीतरी मोठ्याने हो म्हणावं एवढंच हवं असतं. मी हो म्हणलो नाही. म्हणलं रविवारी गाडी घेऊन ये, आधी नक्की काय गेलंय ते तरी बघू.

गाडी अबार्थ पुंटो, 2016 ची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लांबून ती आपली नेहमीची फियाट पुंटोच दिसते, अबार्थची विंचवाची खूण सोडली तर. ऑक्टोबर 2015 मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूम 9.95 लाखाला होती, 1368 सीसीचं टी-जेट टर्बो पेट्रोल, 145 बीएचपी, 212 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, चारही चाकांना डिस्क, पाच गिअर, आणि सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. बनायची आपल्या रांजणगावात. त्या पैशात एवढी ताकद तेव्हा दुसरं कोणी देत नव्हतं, म्हणून ज्यांनी घेतली ते अजून सोडत नाहीत. अडचण एवढीच की फियाटने इथे गाड्या विकणं थांबवून बरीच वर्षं झाली, त्यामुळे फिल्टर, ब्रेक पॅड असलं सगळं मिळतं पण शाफ्टसारखी वस्तू मागितली की काउंटरवरचा माणूस आधी गाडीचं नाव दोनदा विचारतो.

भावाने ती 2022 ला सेकंडहँड घेतली. आता 81 हजार किलोमीटर झालेत. आधीच्या मालकाने रीमॅप करून घेतलेला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली, ट्यूनरच्या कागदावर 260 न्यूटन मीटर लिहिलंय, आणि लोअरिंग स्प्रिंगा टाकून गाडी मूळपेक्षा अजून साधारण चार सेंटीमीटर खाली आणलेली. ओरिजिनल स्प्रिंगा त्याने पोत्यात घालून दिल्या होत्या आणि त्या भावाच्या माळ्यावर पडून होत्या. हे पोतं पुढे कामाला येणार आहे.

तक्रारी दोन होत्या आणि त्याने त्या एकत्र करून सांगितल्यामुळे गॅरेजवाल्याने पण एकच उत्तर दिलं असावं. पहिली, पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग कापून गाडी काढताना पुढून कट-कट-कट आवाज. दुसरी, 55 ते 75 च्या दरम्यान तिसऱ्या गिअरमध्ये जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला, विशेषतः कात्रज चढताना, की सीटखाली थरथर. स्टिअरिंग हलत नाही, सीट हलते. पाय काढला की बंद.

थोडं शाफ्टबद्दल सांगायला लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुढची चाकं खेचणाऱ्या गाडीत गिअरबॉक्समधून दोन्हीकडे एकेक दांडा निघतो आणि चाकापर्यंत जातो, पण चाक एकाच वेळी वर-खाली पण होतं आणि वळतं पण, त्यामुळे दांड्याच्या दोन्ही टोकांना वाकू शकणारा जॉइंट लागतो. ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टला असतो तसला क्रॉसवाला जॉइंट इथे चालत नाही कारण तो कोनात फिरताना प्रत्येक फेरीत थोडा जोरात-थोडा हळू असा फिरतो, मोठ्या कोनात स्टिअरिंग हातातून झटके देईल. म्हणून सीव्ही जॉइंट, म्हणजे कितीही वाकला तरी दोन्हीकडे सारखा वेग. चाकाकडचा आऊटर जॉइंट बहुतेक गाड्यांत सहा गोळ्यांचा असतो, मूळ कल्पना रझेपा नावाच्या इंजिनियरची, 1920 च्या दशकातली, आणि 1959 च्या मिनीपासून छोट्या गाड्यांमध्ये ती घरोघरी पोचली. गिअरबॉक्सकडचा इनर वेगळा, त्यात तीन रोलर एका डब्यात आत-बाहेर सरकतात, त्याला ट्रायपॉड म्हणतात, कारण चाक वर-खाली झालं की दांड्याची लागणारी लांबी बदलते आणि ती कुठेतरी भरून निघायला हवी. दोन्ही जॉइंटवर रबराचा किंवा प्लास्टिकचा घडीघडीचा बूट, आत ग्रीस. बस. जॉइंट स्वतःहून क्वचितच मरतो, बूट फाटला की मरतो. ग्रीस बाहेर, पाणी आणि माती आत, आणि आपल्याकडच्या एका पावसाळ्यात तर त्या ग्रीसची अक्षरशः पॉलिशची पेस्ट होते.

रविवारी भोसरीत ओळखीच्या मिस्त्रींच्या शेडवर गेलो. आधी मोकळ्या जागेत पहिल्या गिअरमध्ये इंग्रजी आठचा आकडा काढला, एकदा हलक्या पायाने, एकदा दाबून. उजवीकडे फुल लॉक करून दाबलं की कट-कट. डावीकडे फुल लॉक, शांत. साधारण नियम असा की उजवीकडे वळताना डावं चाक बाहेरच्या बाजूला राहतं, त्याच्यावर वजन जास्त, म्हणून संशय डाव्या आऊटरवर. पण हा नियम डोळे झाकून पाळायचा नाही, कारण लोअर आर्मचा बॉल जॉइंट, शॉकअपचं वरचं बेअरिंग हे पण वळताना आवाज करतात. फरक असा की सीव्हीचा आवाज चाकाच्या फेरीबरोबर येतो, गाडी हळू तर कट कट हळू, आणि क्लच दाबून नुसतं गडगडत गेलं की बराच कमी होतो. शॉकअपचं बेअरिंग गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं तरी बोलतं.

जॅक लावून चाक काढलं आणि डाव्या आऊटरचा बूट बघितला तर मोठ्या क्लॅम्पच्या शेजारची घडी अर्धी फाटलेली. आतल्या बाजूला, शॉकअपवर, काळ्या ग्रीसचा गोल फवारा उडालेला आणि त्यावर वाळलेली माती. म्हणजे मागच्या पावसाळ्यात फाटलाय आणि त्यानंतर सात-आठ महिने गाडी तशीच चाललीये. मी भावाकडे बघितलं, तो मोबाईलमध्ये बघायला लागला. उजवा आऊटर बूट, घड्यांच्या आत बारीक चिरा पण फाटलेला नाही. दोन्ही इनर बूट धड.

आता इथपर्यंत एक गोष्ट स्पष्ट होती, कट-कटचं कारण सापडलं. पण थरथरीचं काय? इथे मी चुकलो ते पण सांगतो. फोनवरच मी त्याला म्हणलो होतो की थरथर बहुतेक इंजिन माउंटिंगची असणार, खालचं हाडासारखं असतं ते, टर्बो गाडीत रीमॅपनंतर त्याचं रबर फाटतं. बघितलं तर फाटलेलं होतंच, म्हणून उत्साहात आधी तेच बदललं, मजुरीसकट साडेतीन हजार. गिअर टाकून क्लच सोडताना जो धप्प आवाज यायचा तो गेला. थरथर? होती तशीच. भाऊ काही बोलला नाही पण चेहऱ्यावर दिसत होतं की दादाला फुकट विचारलं ते पण महाग पडलं.

मग जरा शिस्तीत बसलो. मोबाईलमध्ये कंपन मोजणारं फुकटचं अ‍ॅप मिळतं, फोनचा सेन्सर वापरून कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती हलतंय त्याचा आलेख काढतं. फोन सीटच्या लोखंडी रेलवर डबल टेपने चिकटवला आणि हायवेवरच्या मोकळ्या चढावर गेलो, मी गाडी चालवतोय, भाऊ शेजारी अ‍ॅप बघतोय.

हिशोब असा. टायर 195/55 आर 16, म्हणजे परीघ साधारण 1.95 मीटर. ताशी 60 म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला साधारण साडेआठ फेऱ्या मारतं. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं असेल, रिम वाकली असेल, तर हादरा फेरीला एक, म्हणजे साडेआठ हर्ट्झला शिखर दिसलं पाहिजे. ट्रायपॉडमध्ये रोलर तीन, तो घासला असेल किंवा नको तेवढ्या कोनात चालत असेल तर दांड्याला फेरीला तीनदा आडवा धक्का देतो, म्हणजे साडेआठ गुणिले तीन, साधारण 26 हर्ट्झ. आम्हाला शिखर 25 ते 27 च्या मध्ये मिळालं. 70 ला गेलो तर ते 30 च्या आसपास सरकलं. आणि मुख्य तपासणी ही की 60 लाच तिसऱ्याऐवजी चौथा गिअर टाकला तर शिखर बुटकं झालं पण जागेवरून हललं नाही. इंजिनची भानगड असती तर गिअर बदलल्यावर इंजिनचे फेरे बदलले आणि शिखर पण सरकलं असतं. पाय काढला, शिखर गायब, म्हणजे बॅलन्सिंग पण नाही, बॅलन्सिंगला तुमचा पाय कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं. व्हील बेअरिंग पण बाद, ते घरघरतं, पाय काढून पण घरघरतं.

म्हणजे इनर. आणि इथे मला वाटलं की गॅरेजवाला कदाचित बरोबर होता, एका बाजूला आऊटर पण गेला आणि इनर पण गेला तर मग अख्खा शाफ्टच का नको?

म्हणून सगळं खोलायचं ठरवलं. गोष्ट अशी आहे की जॉइंट गेला की नाही हे किलोमीटर सांगत नाही, आवाज अर्धवट सांगतो, खरं सांगतो तो आतला पोलाद. आणि ते पुसून बघितल्याशिवाय छप्पन्न हजार काय, पाच हजार पण घालू नयेत असं माझं मत.

हब नट, म्हणजे चाकाच्या मधोमध शाफ्टचं टोक धरणारा मोठा नट, सोडला, लोअर आर्म मोकळा केला, इनरचा बूट सोडवून शाफ्ट ट्रायपॉडसकट बाहेर ओढला, डबा गिअरबॉक्सलाच राहू दिला म्हणून ऑइल सांडलं नाही. तिन्ही रोलरवर मिस्त्रींनी पांढऱ्या रंगाने एक, दोन, तीन टिपके दिले, परत त्याच खाचेत जायला हवेत म्हणून. आऊटर रॉकेलमध्ये धुतला. गोळ्या फिरतात त्या खाचा बघितल्या तर तीन खाचांमध्ये एका बाजूने खवले निघालेले, उन्हात धरलं की खड्डे दिसतात आणि नख फिरवलं की अडकतं. नखाची परीक्षा साधी आहे, नुसती चकाकी, पट्टा दिसतोय पण नख घसरून जातंय तर ती झीज, ती चालते, नख अडकलं तर पृष्ठभाग फुटलाय, आता तो भरत नाही, वाढतच जातो. ज्या पिंजऱ्यात गोळ्या बसतात त्याच्या खिडक्या पण सैल झालेल्या, गोळी बोटाने हलवली तर टकटक करते. डावा आऊटर गेला, त्यात वाद नाही.

आता इनर. ग्रीस जुनं झालेलं, तपकिरी, पण बोटात चोळलं तर खरखर नाही. रोलर तिन्ही मोकळे फिरतात, त्यांच्या आतल्या बेअरिंगच्या सुया शाबूत. डब्याच्या आतल्या भिंतींवर ताकद लागते त्या बाजूला चकाकता पट्टा, पट्ट्याच्या कडेला नख जेमतेम जाणवतं पण अडकत नाही. म्हणजे झिजलाय, मेलेला नाही. मग एवढी थरथर कशाने?

इथे मिस्त्रींनी जे म्हणलं ते मला सुचायला हवं होतं. "साहेब, गाडी किती खाली केलीये बघा, शाफ्ट वर चढलाय चाकाकडे." खरंच. गाडी जमिनीवर असताना दुसऱ्या बाजूच्या शाफ्टवर फोनचा लेव्हल धरून कोन मोजला, आठ अंशाच्या थोडा पुढे. शाफ्टचा जॉइंट-ते-जॉइंट भाग 40 सेंटीमीटरच्या आसपास धरला आणि चाक चार सेंटीमीटर वर सरकलं तर कोन पाच-सहा अंशांनी बदलतो, म्हणजे मूळ उंचीला तो दोन-तीन अंशच असणार. ट्रायपॉडचा तो आडवा धक्का दोन गोष्टींनी वाढतो, एक टॉर्क, दुसरी कोन. रीमॅपने टॉर्क वाढवला, स्प्रिंगांनी कोन वाढवला, 80 हजार किलोमीटरनी खाच थोडी सैल केली, तिघांनी मिळून सीट हलवली. आणि आऊटरचा बूट तिथेच का फाटला याचं पण उत्तर त्यातच होतं, कायम वाकलेल्या अवस्थेत खालच्या घड्या एकमेकींवर घासत राहतात.

म्हणजे नवा शाफ्ट टाकला असता तर थरथर काही महिने कमी झाली असती, नव्या जॉइंटमध्ये ढिलाई नसते म्हणून, आणि नंतर परत आली असती. छप्पन्न हजार घालून.

पर्याय काय काय होते ते सांगतो, कारण प्रत्येकाला कोणी ना कोणी वकील होता.

पूर्ण नवे शाफ्ट, बाहेरून मागवून, दोन्ही बाजूंचे, छप्पन्न हजार अधिक बसवणं. याची बाजू अशी की कटकट संपली, सगळं एकदम नवीन. पण उजव्या बाजूला काही बिघडलेलंच नाही, आणि जोडीने बदलायचे असं जे लोक सांगतात ते शॉकअप आणि ब्रेकला लागू आहे, शाफ्टला नाही. शाफ्ट ज्या बाजूचा गेला त्या बाजूचा बदलायचा.

जुना शाफ्ट, स्क्रॅपमधून. नाना पेठेत एकाकडे होता, लिनिया टी-जेटचा आहे, इंजिन तेच, बसणार म्हणजे बसणार, नऊ हजार. लिनिया टी-जेटचं इंजिन त्याच कुटुंबातलं आहे हे खरं, 114 पीएसचं, पण शाफ्टवर पार्ट नंबर घासून गेलेला आणि खोलून दाखवायला तो तयार नाही. दुसऱ्याचा न बघितलेला जॉइंट घेऊन आपला बघितलेला जॉइंट फेकायचा, यात मला अर्थ दिसेना.

कस्टम शाफ्ट. हा भावाच्या मित्राचा सल्ला, रीमॅप आहे तर स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळ शाफ्ट टिकणारच नाही, चांगल्या अलॉय स्टीलचे बनवून घे. ऐकायला भारी वाटतं, पण जरा हिशोब करू. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, म्हणजे ताकद दोन चाकांत वाटणारे गिअर, मिळून टॉर्क साधारण तेरा पट होतो धरा. 212 गुणिले 13 म्हणजे 2750 च्या आसपास, दोन चाकांत वाटला की प्रत्येकी 1375. रीमॅपचे 260 धरले तर प्रत्येकी 1690. आता टायर किती झेलू शकतो बघा, पुढच्या दोन चाकांवर मिळून 800 किलो धरा, कोरड्या डांबरावर पकड 0.9 धरा, म्हणजे जोर साधारण 7000 न्यूटन, चाकाची त्रिज्या 0.31 मीटर, म्हणजे दोन्ही चाकांना मिळून 2190, प्रत्येकी 1100 च्या आसपास. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये स्टॉक इंजिनच टायर फिरवून टाकतं. वरचे 260 काय नी 300 काय, शाफ्टपर्यंत 1100 च्या फार पुढे पोचतच नाही, टायर आधीच सुटतो, फ्यूज उडाल्यासारखा. वरच्या गिअरमध्ये गुणाकार कमी म्हणून तिथे पण शाफ्टला भीती नाही. शाफ्ट मोडतात ते झटक्याने, क्लच एकदम सोडून, चाक खड्ड्यातून उडून परत फिरत-फिरत आपटल्यावर, किंवा स्टिअरिंग पूर्ण कापलेलं असताना दाबल्यावर. ते पायाने टाळायचं असतं, पोलादाने नाही. गाडी ट्रॅकवर चिकट टायर लावून पळवणार असाल तर वेगळी गोष्ट, ही गाडी महिन्यातून दोनदा ताम्हिणीला जाते.

अजून एक पर्याय मिस्त्रींच्या शेजारच्या लेथवाल्याने सुचवला, खाचा वेल्डिंगने भरून परत घासून देतो, दोन हजारात. त्याला हात जोडले. जॉइंटचा आणि शाफ्टचा वरचा थर मुद्दाम तापवून-थंड करून कडक केलेला असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने ती कडकपणाची मेहनत संपते, वरून मऊ आणि शेजारी ठिसूळ. असला दांडा घाटात तुटला की डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या बाजूला सोडून देतं, गाडी जागेवर थांबते, आणि हे लोकांना माहीत नसतं पण गिअरमध्ये ठेवून उतारावर लावली तरी ती धरत नाही, कारण तुटलेल्या बाजूने डिफरन्शियल मोकळं फिरतं. हँडब्रेकच वाचवेल. शिवाय तुटलेलं टोक फिरत राहिलं तर ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर खेचून नेतं.

एक जुनी युक्ती पण आहे, जॉइंटमध्ये गोळी पुढे जाताना खाचेची एकच बाजू घासते, म्हणून काही गाड्यांत डावे-उजवे जॉइंट आपसात बदलतात, म्हणजे कोरी बाजू कामाला लागते. स्वस्त आणि हुशार. पण खवले निघालेल्या जॉइंटला ती चालत नाही, निघालेला चुरा गोळ्यांसकट सगळीकडे फिरलेला असतो.

तर ठरलं असं. डावा आऊटर जॉइंट नवा, चांगल्या कंपनीचा आफ्टरमार्केट, म्हणजे फियाटचा नाही, बाहेरच्या कंपनीने बनवलेला, साडेसहा हजार. दोन्ही बाजूंचे आऊटर बूट नवे, कारण उजव्याला चिरा आहेत आणि पावसाळा तीन महिन्यांवर आलाय, बूट किटचे बाराशे वाचवून परत एक जॉइंट घालवण्यात शहाणपणा नाही. डावा इनर तोच ठेवायचा, धुऊन, नवीन ग्रीस, नवा बूट. आणि ओरिजिनल स्प्रिंगा परत. ह्या शेवटच्या कलमावर भाऊ अडला. "दादा, गाडीचा लूकच जाईल." अर्धा तास त्यावर गेला. मी त्याला एवढंच म्हणलं की पोतं माळ्यावरून आण, लावून बघ, थरथर तशीच राहिली तर मी माझ्या खर्चाने परत खाली करून देतो आणि मग तू खुशाल इनर बदल.

पहिला जॉइंट आला तो शाफ्टवर बसेचना. दांड्यात अडकणारे आतले दात मोजले तर तीन कमी. परत पाठवला, आठवडा गेला. म्हणून ऑर्डर करायच्या आधी जुना जॉइंट हातात घेऊन आतले दात, बाहेरचे दात, स्टबची, म्हणजे चाकाकडे हबमध्ये जाणाऱ्या टोकाची लांबी, नटाचा आटा, बूट बसतो तिथला व्यास, आणि एबीएसची रिंग त्याच्यावर असेल तर तिचे दात, हे सगळं व्हर्नियरने मोजून विकणाऱ्याला पाठवा, नुसतं गाडीचं नाव आणि साल सांगून ह्या गाडीचं काही खरं नाही. दुसरा बरोबर आला.

बसवताना दोन गोष्टींवर मी मिस्त्रींच्या मागे लागलो. ग्रीस, आऊटरला काळं, मॉलिब्डेनमवालं, ते किटमध्येच येतं आणि पाकीट पूर्ण रिकामं करायचं असतं, अर्धं पुढच्या गाडीसाठी ठेवायचं नसतं. ट्रायपॉडचं ग्रीस वेगळं येतं, दोन्ही एकत्र करायचे नाहीत. आणि हब नट, नवा, टॉर्क रेंचने, गन लावून कचकचून नाही. नट पूर्ण आवळेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर टेकवायचं नाही, कारण बेअरिंगचे दोन भाग त्या नटाच्या ताणानेच एकत्र धरलेले असतात, नट सैल असताना वजन आलं तर बेअरिंगच्या आत खुणा पडतात आणि दोन महिन्यांनी नवीन घरघर सुरू होते. मिस्त्री म्हणाले पंचवीस वर्षं करतोय, पण केलं तसंच.

उजव्या बाजूचा बूट बदलताना जॉइंट उतरवलाच होता म्हणून धुऊन बघितला. चकाकी आहे, नख अडकत नाही. ग्रीस काळं पण गुळगुळीत. तसाच परत बसवला.

बिल सगळं मिळून असं झालं, जॉइंट साडेसहा, आऊटर बूट किट दोन्ही मिळून चोवीसशे, इनर बूट आणि ग्रीस चौदाशे, हब नट आणि क्लॅम्प वगैरे सातशे, मजुरी स्प्रिंगांसकट साडेपाच, अलाइनमेंट आठशे. सतरा हजार तीनशे. माझ्या चुकीचं माउंटिंग धरलं तर वीस हजार आठशे, जरी ते फाटलेलं होतं आणि कधीतरी बदलायला लागणारच होतं असं मी अजून म्हणतो.

आता निकाल. कट-कट गेली, ती जाणारच होती. थरथरीसाठी त्याच चढावर, त्याच टेपने फोन चिकटवून, त्याच वेगाला परत मोजलं. 26 हर्ट्झचं शिखर आधीच्या चौथाईवर आलेलं, बारकाईने बघितलं तर आहे, सीटला कळत नाही. नवीन ग्रीसने किती आणि उंचीने किती हे मी वेगळं काढून दाखवू शकत नाही कारण दोन्ही एकाच दिवशी केलं, आणि हे माझ्याकडून राहिलं, आधी फक्त स्प्रिंगा बदलून एकदा मोजायला हवं होतं. पण हब दोनदा खोलायची मजुरी कोण देणार, म्हणून त्या दिवशी तसंच केलं.

पूर्ण शाफ्ट घ्यायला मी कधी हो म्हणलो असतो? इनरच्या डब्यात नख अडकलं असतं, किंवा दांड्याच्या दातांमध्ये पीळ दिसला असता, म्हणजे दात सरळ न राहता किंचित तिरके झालेले, तो झटका खाल्ल्याचा पुरावा असतो, किंवा दांड्यावर गंजाचे खोल खड्डे असते, तर त्या बाजूचा एक शाफ्ट, पूर्ण. आणि जॉइंट निळसर पडला असता तर विचार पण केला नसता, तापून कडकपणा गेलेल्या पोलादावर बूट बदलत बसण्यात काय आहे.

पावसाळा गेल्यावर, ऑक्टोबरमध्ये, ऑइल बदलायला गाडी वर घेतली तेव्हा चारही बूट बोटाने चिमटून बघितले. कोरडे, क्लॅम्प जागेवर. गाडी आता 88 हजारांवर आहे. उजवा आऊटर अजून बोलत नाहीये, बोलला तर काय मागवायचं ते मापांसकट भावाच्या फोनमध्ये लिहून ठेवलंय. लोअरिंग स्प्रिंगा आता त्याच पोत्यात, त्याच माळ्यावर आहेत, आणि दर महिन्याला तो एकदा तरी विचारतो की दादा, चार नको, दोन सेंटीमीटरनेच खाली केली तर?

कोन मोजून बघ आधी, म्हणलंय.